लेकीच्या परेडला तिच्या बाबांना नेताना

आमच्या घरात चेन्नईची तिकिटं दोनदा काढली गेली. पहिली रद्द करावी लागली. दुसऱ्यांदा काढली तेव्हा घरात इतकी शांतता होती, की बघणाऱ्याला वाटलं असतं, हे लोक कुणाच्या ऑपरेशनला निघालेत. खरं तर आमची मोठी मुलगी प्रज्ञा सैन्यात अधिकारी होणार होती, आणि तिच्या पासिंग आउट परेडचं, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावर होणाऱ्या शेवटच्या संचलनाचं, आम्हाला बोलावणं होतं.

ज्यांच्या घरातलं कुणी अशा अकादमीत शिकतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. नेटवर परेडचे व्हिडिओ ढिगानं आहेत. पण पायात काय घालायचं, ऊन किती लागतं, लॉज कधी बुक करायचं आणि अडून बसलेल्या बापाला सोबत कसं न्यायचं, हे मला कुठंच सापडलं नाही. शेवटच्या मुद्द्यावर तर मी आता व्याख्यान देऊ शकते.

आधी एक शब्द शिकून ठेवा: रेलिगेशन. आम्हाला तो फार उशिरा कळला. प्रशिक्षणात कुणी जखमी झालं किंवा एखाद्या चाचणीत मागं राहिलं, तर त्याला पुढच्या तुकडीसोबत एक सत्र पुन्हा करावं लागतं. प्रज्ञाच्या डाव्या नडगीच्या हाडाला धावून धावून बारीक चीर गेली आणि परेड तोंडावर आलेली असताना ती एक सत्र मागं गेली. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही, हे मी आज सांगू शकते. तेव्हा मात्र आमची अवस्था उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी झाली होती. प्रज्ञाचे बाबा रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या एका पोलाद कारखान्यात रोलिंग मिलवर आहेत. त्यांनी अख्ख्या शिफ्टला जिलेबी खाऊ घातली होती. आमच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या पोरांनी चौकात प्रज्ञाचा फोटो लावून बॅनरसुद्धा टांगला होता. तो एका सकाळी बाबांनीच गुपचूप उतरवला.

त्याच संध्याकाळी फोनवर ते तिला म्हणाले, "बस झालं बेटा. सोड ते. घरी ये." ती "हो बाबा" म्हणाली आणि तिनं फोन मला द्यायला सांगितलं. ती घरी आली नाही. पाय बरा करून पुन्हा मैदानावर उतरली. पण त्या दिवसापासून बाप-लेकीचं बोलणं म्हणजे "जेवले का?" आणि "गोळी घेतली का?" एवढंच उरलं. बाकी सगळं ती मला सांगायची आणि मी ते पोस्टमनसारखं पुढं पोचवायची.

हाच तो माणूस, ज्यानं तिला धावायला शिकवलं होतं. मी नवा रायपूरला सरकारी कार्यालयात कारकून आहे, त्यामुळे तिथले रुंद, रिकामे रस्ते मला रोजचे. पण पहाटे ते रस्ते या दोघांचे होते. रात्रपाळी संपवून बाबा घरी यायचे, चहा घ्यायचे आणि प्रज्ञाला मोटरसायकलवर बसवून तेलीबांध्याच्या तलावावरून तिकडं न्यायचे. ती धावायची, हे दुभाजकाच्या कडेला बसून पेंगायचे, आणि ती परत आली की डोळे न उघडताच म्हणायचे, "कालच्यापेक्षा हळू आली तू."

परेडनंतर एक विधी असतो. नव्या अधिकाऱ्याच्या दोन्ही खांद्यांवरचे तारे कापडी पट्टीनं झाकलेले असतात. शपथ झाली की घरची माणसं त्या पट्ट्या काढतात. बहुतेक जण एका खांद्याला आई, दुसऱ्याला बाबा असं करतात. मी हे मोठ्या उत्साहानं सांगितलं, तेव्हा प्रज्ञाचे बाबा ताटावरून उठून हात धुवायला गेले आणि तिथूनच म्हणाले, "मी येतो, बसतो, टाळ्या वाजवतो. पण तारे मी नाही उघडत. ज्यानं सोड म्हटलं, त्यानं कोणत्या तोंडानं समोर जाचं? तू अन् अनिकेत करा." अनिकेत म्हणजे आमचा धाकटा, कॉलेजात आहे. त्याला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. तो म्हणाला, "बाबा, दीदी को बुरा लगेगा." बाबांनी नळ आणखी जोरात सोडला.

म्हणजे माझ्यापुढं काम एकच होतं: या माणसाला त्या खांद्यापर्यंत पोचवायचं.

त्यांची दुसरी अट होती की या वेळी कुणाला कळता कामा नये. दुधानं तोंड पोळलं होतं ना. मग शेजाऱ्यांना काय सांगायचं? ठरलं, नागपूरला नात्यात लग्न आहे. आमचं मूळ विदर्भातलंच, त्यामुळे नागपूरचं लग्न हे कारण आमच्याकडे बारमाही चालतं. समोरच्या साहू दीदींनी लगेच संत्र्याच्या बर्फीची फर्माईश केली आणि नवरीचं नावही विचारलं. मी माझ्या चुलत बहिणीच्या मुलीला, जी अजून आठवीत आहे, उभ्या उभ्या बोहल्यावर चढवून टाकलं.

खरेदी गोल बाजारात झाली. अकादमीकडून पोशाखाच्या सूचना प्रज्ञामार्फत आल्या होत्या: पुरुषांनी पूर्ण बाह्यांचा सदरा, पँट, चामडी बूट, जमल्यास कोट, बायकांनी साडी किंवा सलवार-कमीज. जीन्स, टीशर्ट, चपला नकोत. मी फिकट निळी सुती-रेशमी साडी घेतली. माझा सल्ला ऐका, भरजरी काही घेऊ नका, घामानं जीव जातो. बुटांचं मात्र बाबांनी ऐकलं नाही. नवे बूट लागतात, चावतात, घरात चामड्याचे बूट असताना उगाच खर्च काहून कराचा, असं त्यांचं म्हणणं. घरातले चामड्याचे बूट म्हणजे कारखान्यातून मिळालेले सेफ्टी शूज. पॉलिश करकरून त्यांनी ते असे चमकवले, की मीही हार मानली.

रायपूरहून चेन्नईला थेट गाडी रोज नसते. त्यामुळे तारीख कळताच तिकिटं काढा, नाहीतर नागपूरला गाडी बदलायची तयारी ठेवा. विमानानं गेलात तर मध्ये कुठंतरी बदलावं लागतं आणि पैसेही बरेच जातात. आम्ही थर्ड एसीनं गेलो. सकाळी बुद्धवंदना करून घराला कुलूप लावलं. डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, ठेचा, आणि छत्तीसगडात राहून अंगवळणी पडलेली बेसनाची खारी ठेठरी आणि गव्हाची गोड खुरमी होती. ही दोन्ही आठवडाभर टिकतात. पुढं दक्षिणेत चार दिवस भाताचे काढायचे असतील तर हाताशी असू द्या.

संध्याकाळी नागपूर आलं आणि बाबा खाली उतरून चक्क संत्र्याची बर्फी घेऊन आले. मी विचारलं, परतताना घेता आली नसती का? तर म्हणाले, "परतताना ध्यानात नाही राहिलं तर साहू दीदीले काय सांगाचं?" खोटं बोलणारा माणूस इतका प्रामाणिक असू शकतो, हे मला लग्नाच्या इतक्या वर्षांनी कळलं. ती बर्फी आमच्यासोबत चेन्नईला निघाली.

सेवाग्रामला समोरच्या बाकावर एक जोडपं आलं. गप्पा मराठीत सुरू झाल्या. कुठं चालले, असं त्या गृहस्थांनी विचारलं, आणि बाबा सवयीनं म्हणून गेले, "लग्नाले." चेन्नईत मराठी लग्न कसं काय, मुलगी तमिळ आहे का, हॉल कुठला, असे प्रश्न सुरू झाले तशी बाबांची फे-फे उडाली. अनिकेतनं वरच्या बर्थवरून खाली मान काढली. "अंकल, शादी-वादी कुछ नहीं है. मेरी दीदी आर्मी में अफसर बन रही है." त्या बाईंनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही. गृहस्थ बाबांना म्हणाले की असं सांगायला कुणी लाजतं का. थोड्या वेळानं बाबांनी स्वतःहून ठेठरीचा डबा पुढं केला. मला ते शुभचिन्ह वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चेन्नईला उतरलो. मार्च महिना होता. रायपूरचं ऊन कोरडं, भट्टीसारखं. इथली हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटते. अकादमी विमानतळाच्या बाजूला आहे, म्हणून आम्ही पल्लावरमला लॉज घेतलं होतं. परेडच्या आठवड्यात त्या भागातली लॉजं भरतात आणि भाडी चढतात, तेव्हा महिनाभर आधी बुकिंग करा. आमची तिघांची खोली साधी पण स्वच्छ होती. तिथून अकादमीला ऑटोनं जाता येतं. भाडं आधी ठरवून घ्या, आणि हिंदीचा हट्ट धरू नका. हातवारे सगळ्यांना कळतात. केळीच्या पानावरचं जेवण भरपूर आणि स्वस्त मिळतं. बाबांनी तीनदा पोळी मागितली, तिन्ही वेळा त्यांना आणखी भात वाढला गेला. चौथ्यांदा त्यांनी नुसतं पानाकडं पाहिलं आणि जेवले. फिल्टर कॉफीवर मात्र ते फिदा झाले.

तिघांचं येणं-जाणं, राहणं, खाणं आणि ऑटो मिळून आमचा खर्च तीस हजारांच्या आत बसला, हेही सांगून ठेवते.

परेडच्या आदल्या दिवशी पालकांसाठी प्रात्यक्षिकं असतात: घोडेस्वारी, कसरती, हाताशी हात भिडवून लढण्याचे डाव. पास कॅडेटमार्फतच मिळतात आणि मोजकेच असतात, त्यामुळे मामा-मावशींना आधीच नको म्हणा. पासवरचं नाव आणि आधार कार्डावरचं नाव तंतोतंत जुळू द्या. मोठ्या पिशव्या आत नेऊ देत नाहीत. मोबाइलबद्दलचे नियम बदलत असतात, ते आदल्या दिवशीच विचारून घ्या.

आणि पायात सेफ्टी शूज घालू नका. फाटकात तपासणीची चौकट असते. बाबा तिच्यातून गेले आणि ती किंचाळली. खिसे रिकामे केले, पट्टा काढला, घड्याळ काढलं, तरी तेच. मागं कोटातले, रेशमी साड्यांमधले पालक खोळंबलेले. शेवटी पहाऱ्यावरच्या जवानानं बुटांकडं बोट केलं. पोलादाची टोपी असते त्या बुटांच्या नाकात. बाबांना ते आठवलंच नाही, कारण गेली कित्येक वर्षं त्यांनी दुसरे बूट घातलेच नव्हते. ते मोज्यांवर उभे राहिले आणि जवानानं बूट हातात घेऊन वाकवून पाहिले. "काका, प्लांट में हैं क्या?" त्यानं विचारलं. बाबा म्हणाले, "हव, सिलतरा." जवान हसला, बूट नीट जोडीनं खाली ठेवून म्हणाला की त्याचे वडीलही भिलाईला अशाच बुटात असतात. त्याच रात्री... नाही, रात्र कसली, दुपारी चारच्या सुमाराला मी नवऱ्याला ओढत पल्लावरमच्या बाजारात नेलं आणि काळे बूट घेतले. ते लागलेच.

पण त्याआधी प्रज्ञा भेटली. प्रात्यक्षिकं संपल्यावर कॅडेटना घरच्यांना भेटायला थोडा वेळ देतात. ती समोर येऊन उभी राहिली आणि मला क्षणभर ओळखू आली नाही. काळीभोर झालेली, गालफडं वर आलेली, केस मानेवर करकचून बांधलेले. मी रडणार नाही असं ठरवलं होतं. ते ठरवण्यात काही अर्थ नसतो. बाबा तिच्याकडं पाहतच नव्हते. ते तिच्या डाव्या पायाकडं पाहत होते. "जेवले का बाबा?" तिनं विचारलं. "हो," ते म्हणाले. झालं संभाषण.

मला बाजूला घेऊन तिनं विचारलं, "आई, उद्या बाबा येतीन ना तारे उघडाले?" मी आयुष्यभर खोटं बोलण्यात पटाईत, आठवीतल्या मुलीचं लग्न लावणारी बाई, पण तिला खोटं सांगणं जमलं नाही. बाबा काय म्हणतात आणि का म्हणतात, ते सगळं सांगितलं. माझ्यावर रागावेल असं वाटलं, पण तिनं फक्त विचारलं, "ते अजून त्याच्यातच आहेत?" मग शिटी वाजली आणि ती धावत गेली. संत्र्याची बर्फी मी तिच्या हातात कोंबली होती. तिच्या खोलीतल्या मुलींनी ती डबा न टेकवता संपवली, असं नंतर कळलं.

परेडच्या दिवशी पहाटे उठा. फाटकं लवकर उघडतात आणि वेळेवर बंदही होतात. पोटात काहीतरी घाला, पाणी प्या, टोपी घ्या. छत्र्या मागच्यांची दृष्टी अडवतात, त्या उघडू देत नाहीत. जागा मिळाली तर मैदानाच्या मध्यावर बसण्याचा हट्ट धरू नका. ज्या टोकाकडून तुकड्या येतात तिथून चेहरे जास्त नीट दिसतात.

बँड सुरू झाला आणि त्या पोरापोरींच्या रांगा आत आल्या. काय सांगू. शेकडो बुटांचा एकच आवाज येतो आणि तो कानात नाही, छातीत ऐकू येतो. मी प्रज्ञाला लगेच शोधलं, अनिकेतला दाखवलं, हात हलवला, पदर हलवला, शेजारच्या बाईंनाही दाखवलं. सगळं झाल्यावर बाबा हळूच म्हणाले, "ते आपली नाही. आपली मागच्या रांगेत, डावीकडून चौथी." टोप्यांखाली मला सगळ्या मुली सारख्याच दिसत होत्या. तुम्हाला कसं कळलं, मी विचारलं. "चालते कशी ते पाह्य."

मग मीही पाहिलं. ती सगळ्यांसारखीच चालत होती, तसूभर फरक नाही. पण ज्यानं तिला वर्षानुवर्षं पहाटे धावताना पाहिलं होतं, त्याला तेवढं पुरलं असावं. पूर्ण परेडभर ते त्या एका डाव्या पायावर नजर लावून बसले. पाहुण्या अधिकाऱ्यांचं भाषण झालं, तलवारी चमकल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट धरून ठेवले होते. शेवटी संथ चालीत तुकड्या मैदानाबाहेरच्या पायऱ्यांकडं निघाल्या. तिथं आखलेली रेषा ओलांडणाऱ्या पावलाला अंतिम पग म्हणतात; ते टाकलं की प्रशिक्षण संपलं. प्रज्ञानं ते टाकलं आणि बाबांनी इतक्या मोठ्यानं श्वास सोडला, की पुढच्या रांगेतल्या माणसानं वळून पाहिलं.

यानंतर थोडा वेळ जातो. चहा-नाश्ता असतो, मग शपथ, आणि मग ताऱ्यांचा विधी. काही अकादम्यांमध्ये तो संध्याकाळी असतो, म्हणून परतीची गाडी त्याच दिवशीची काढू नका. शपथ झाली की घरच्यांना पुढं सोडतात आणि एकच झुंबड उडते. सगळे एका रंगाच्या गणवेशात, सगळ्यांचे आईबाप वेड्यासारखे धावणारे. आपल्या मुलाशी भेटण्याची जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवा. आम्ही एक झाड ठरवलं होतं.

मी आणि अनिकेत निघालो. बाबा खुर्चीवरून हलले नाहीत. "सामानाजवळ कोणी पाहिजे ना," ते म्हणाले. सामान म्हणजे एक पाण्याची बाटली आणि माझी पर्स. मी खूप काही बोलणार होते, पण तिथं तमाशा नको म्हणून दात आवळले आणि पुढं गेले.

प्रज्ञा झाडाखाली ताठ उभी होती. मी उजव्या खांद्यावरची पट्टी काढली. खाली दोन तारे होते. माझ्या नखानं तिच्या मानेला ओरखडा गेला, ती हसली. मग अनिकेत पुढं झाला, तर तिनं त्याचा हात धरला. "तू नहीं," ती म्हणाली. आणि एक खांदा उघडा, एक झाकलेला, अशी ती गर्दीतून वाट काढत खुर्च्यांकडं निघाली. आम्ही मागं.

तिला येताना पाहून बाबा उठून उभे राहिले. आमच्यापेक्षा दोन पावलं पुढं तिनं त्यांच्यासमोर पाय जोडले.

"बाबा, हा खांदा राहिला."

"अनिकेतले सांग ना."

"नाही."

ते खाली पाहून म्हणाले, "मी तुले सोड म्हटलं होतं बेटा. मले सगळं याद आहे."

"हो. अन् तुम्ही अजून एक वेळा म्हटलं असतं, तर मी आलीच असती." तिचा आवाज इथं फुटला. "म्हणून तर मी तुमच्याशी बोलत नव्हती, बाबा. बाकी सगळे हिम्मत ठेव, हिम्मत ठेव म्हणून राहिले होते. ते ऐकून मले काहीच नाही वाटे. तुमचा आवाज ऐकला की बॅग भरावं वाटे."

इतके महिने हा माणूस समजत होता की पोरीनं त्याला दूर केलंय. आणि मी, दोघांमधली पोस्टमन, मला तरी कुठं काय कळलं होतं? ती त्याच्यावर रागावलेली नव्हती. जगात एकच आवाज होता ज्यापुढं तिचा निश्चय टिकला नसता, आणि तो तिनं कानापासून लांब ठेवला होता.

बाबांनी दोन्ही तळवे पँटला पुसले. पट्टीचं टोक सापडेना, तर तिनं गुडघे किंचित वाकवले. तारे उघडे झाले. त्यांनी अंगठ्यानं ते एकदा पुसले, मग तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ढसाढसा रडले. गणवेशातल्या अधिकाऱ्यानं रडावं की नाही मला माहीत नाही, पण तीही रडली. आसपास कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. प्रत्येक झाडाखाली हेच चाललं होतं.

तेवढ्यात एक मिशीवाले गृहस्थ गणवेशात आले. हे तिचे कवायतीचे उस्ताद, ज्यांच्या ओरडण्याच्या गोष्टी आम्ही फोनवर ऐकल्या होत्या. काल सकाळपर्यंत तिला फैलावर घेणाऱ्या त्या माणसानं टाच जुळवली आणि कडक सलाम ठोकला. "जय हिंद, मैडम." प्रज्ञानं सलाम परत केला. उस्ताद मग बाबांना म्हणाले की ही मुलगी इस्पितळातून आली तेव्हा रांगेत सगळ्यात मागं होती. पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, ते आम्ही पाहिलंच होतं.

परतीच्या गाडीत प्रज्ञा सोबत होती, काही दिवसांची सुट्टी मिळते. बाप-लेक बल्लारशापर्यंत खिडकीशी बसून बोलत होते आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. पोस्टमनची नोकरी गेली. रायपूरला उतरून पाऱ्यात शिरलो, तर साहू दीदी दारातच होत्या. गणवेशातली प्रज्ञा पाहून त्या आधी भांबावल्या, मग लग्नाचं आणि बर्फीचं विचारू लागल्या. मी काही रचायच्या आत बाबाच बोलले. शादी-वादी काही नव्हती, दीदी, आम्ही खोटं बोललो. बिटिया अफसर हो गई. बर्फी अकादमीत संपली. दीदींनी आधी प्रज्ञाला मिठी मारली आणि मग आम्हाला मनसोक्त झापलं, दोन्ही आमच्या वाट्याचं होतं.

या प्रवासातून माझ्याजवळ काय उरलं? परेडचा तो छातीतला आवाज उरला. आणि हे, की मुलं आपल्याशी बोलत नाहीत तेव्हा प्रत्येक वेळी ती आपल्यावर चिडलेलीच असतात असं नाही. परेडला जाल तेव्हा घरातल्या अडून बसलेल्या माणसाला नक्की न्या. मनवत बसू नका, नुसतं न्या. पुढचं ज्याचं तो करतो.

सुट्टी संपली. प्रज्ञाची पहिली नेमणूक ईशान्येकडं, सीमेजवळ. आम्ही तिला टॅक्सीनं विमानतळावर सोडायला गेलो. आमच्याकडं निघणाऱ्याला कुणी "जा" म्हणत नाही, अशुभ मानतात. "जाऊन ये" म्हणायचं असतं. मी तेच म्हटलं. बाबांनी तिची बॅग ट्रॉलीवर ठेवली, पट्टा ओढून पाहिला आणि म्हणाले, "जा बेटा. सुट्टी नाही भेटली तर जीव जाळू नको. आम्ही येऊ तिकडं."

मी त्यांना टोकलं नाही. ती आत गेली. काचेपलीकडं दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिलो, मग टॅक्सीत येऊन बसलो. तेलीबांध्याचा तलाव आला तेव्हा त्यांनी अनिकेतला विचारलं, "तिकडं रेल्वे कुठवर जाते रे?"

"बाबा, दीदी अभी प्लेन में भी नहीं बैठी."

"तरी पाह्य ना," ते म्हणाले, आणि अनिकेतनं मोबाइल काढला.